मेंदूतील राखणदार पेशी आणि स्वमग्न मूल



बोनस, हजेरी आणि पेन्शन यांची भाषा बोलणाऱ्या माणसाने मेंदूतील पेशींवर व्याख्यान द्यावे, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. ते आम्हांसही वाटते. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, एका हाताशी शब्दकोश आणि दुसऱ्या हाताशी पुस्तक ठेवून शिकलो. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते वैद्याचे सांगणे नव्हे. एका प्रश्नाच्या मागे लागलेल्या माणसाचे ते सांगणे आहे.

तो प्रश्नही मूळचा आमचा नव्हे. काही वर्षांपूर्वी युनियनच्या कचेरीत एक सफाई कामगार बाई आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. काम रजेच्या अर्जाचे होते. आम्ही अर्ज लिहीत होतो तोवर ते मूल टेबलावरच्या शिक्क्याच्या डबीचे झाकण एकसारखे गरगर फिरवीत होते. हाक मारली तरी वळून पाहात नव्हते. डॉक्टरांनी बाईंना ‘ऑटिझम’ असा शब्द सांगितला होता. मराठीत त्यास स्वमग्नता म्हणतात. अर्ज झाला. उठता उठता बाई म्हणाल्या, “भाऊ, सासरचे म्हणतात, तू पहाटे झाडू घेऊन घराबाहेर पडायचीस, पोराला माया मिळाली नाही, म्हणून हे झालं. माझं चुकलं का हो?”

आम्ही “नाही” म्हणालो. पण ते “नाही” दिलाशाचे होते, माहितीचे नव्हते. चळवळीत एक गोष्ट आम्ही शिकलो आहोत: पुराव्याशिवाय दिलेला दिलासा दुसऱ्या दिवशी टिकत नाही. म्हणून आम्ही पुरावा शोधावयास निघालो. शोधता शोधता मेंदूतील एका दुर्लक्षित पेशीच्या इतिहासापाशी जाऊन पोहोचलो. तो इतिहास आणि त्या बाईंचा प्रश्न एकमेकांत कसे गुंतले आहेत, हेच आज सांगावयाचे आहे.

गोष्ट जर्मनीत सुरू होते. रुडॉल्फ फिर्खो हे नाव आम्हां चळवळीतल्या लोकांना एका वेगळ्याच कारणाने प्रिय आहे. १८४८ साली सायलेशियाच्या वरच्या भागात टायफसची मोठी साथ पसरली, तेव्हा प्रशियाच्या सरकारने या तरुण डॉक्टरास चौकशीसाठी तिकडे पाठविले. त्याने परत येऊन दिलेला अहवाल केवळ औषधांचा नव्हता. लोकांना शिक्षण, स्वातंत्र्य आणि सुस्थिती द्या, तरच अशा साथी हटतील, असे त्याने सरकारला सुनावले. त्याच वर्षी बर्लिनच्या रस्त्यांवर लोक उठले, तेव्हा तोही त्यांच्यात होता. पण एवढ्या डोळस माणसाची नजरही एका जागी अपुरी पडली. मेंदूत ज्या चेतापेशी संदेश नेतात, त्यांच्या भोवतीचा जो भराव त्याला दिसला, त्यास त्याने १८५६ साली ‘न्यूरोग्लिया’ असे नाव दिले. ग्लिया म्हणजे डिंक, सरस. वास्तूत विटा महत्त्वाच्या, चुना केवळ त्यांना धरून ठेवणारा, अशी ती कल्पना होती. पुढे पुष्कळ काळ विद्वानांचे सारे लक्ष चेतापेशींकडेच लागून राहिले.

दुसरा अंक स्पेनमध्ये घडतो. सांतियागो रामोन ई काहाल हे तेथले थोर शास्त्रज्ञ. मेंदू हा अखंड जाळे नसून वेगवेगळ्या पेशींचा बनलेला आहे, हे त्यांनी दाखविले. १९०६ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना इटलीच्या गोल्जी यांच्याबरोबर मिळाले. त्यांनी चेतापेशी हा पहिला घटक धरला, तारेसारख्या दिसणाऱ्या ग्लिया पेशी हा दुसरा, आणि जे नीट रंग घेत नाही, ते सगळे ‘तिसरा घटक’ म्हणून बाजूला ठेविले. त्यांच्या प्रयोगशाळेत पिओ देल रिओ-ओर्तेगा नावाचा एक डॉक्टर काम करीत होता. १८८२ साली वायादोलिद प्रांतातील पोर्तियो या लहान गावी त्याचा जन्म झाला होता. त्याने चांदीच्या क्षाराची रंग देण्याची एक नवी रीत बसविली आणि १९१९ साली लागोपाठ लेख प्रसिद्ध करून सांगितले की, हा तिसरा घटक एकजिनसी नाही. त्यात दोन जाती आहेत, आणि त्यांपैकी एक अगदीच निराळी आहे. त्या जातीस त्याने ‘मायक्रोग्लिया’ असे नाव दिले.

या मायक्रोग्लियाविषयी त्याने जे सांगितले, ते शंभर वर्षांनी वाचतानाही थक्क व्हावयास होते. या पेशी मेंदूत जन्मत नाहीत, गर्भावस्थेत बाहेरून येऊन वस्ती करतात. एरवी त्यांना बारीक फांद्या असतात. इजा झाली की त्या फांद्या आखडून घेतात, गोल होतात, सरकतात आणि मेलेल्या पेशींचे अवशेष गिळून टाकतात. म्हणजे मेंदूच्या गावात या पेशी राखणही करतात आणि झाडलोटही करतात. शरीराच्या इतर भागांत रक्तातील पांढऱ्या पेशी जे प्रतिकाराचे काम करतात, त्याच कुळातले हे काम आहे. मेंदूतील दर शंभर पेशींत अशा सुमारे पाच ते दहा असतात.

ज्याने झाडूवाल्यांना नाव दिले, त्याच्या वाट्याला काय आले? शास्त्रीय मतभेद आणि प्रयोगशाळेतल्या रोजच्या कुरबुरी विकोपाला गेल्या, आणि १९२० साली काहाल यांनी त्यास आपल्या प्रयोगशाळेतून बाहेर काढले. माद्रिदमधील विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात त्याने आपले काम पुन्हा मांडले. १९२४ साली वाइल्डर पेनफील्ड, जे पुढे कॅनडात मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जगभर नावाजले गेले, ते त्याच्याकडे ही रीत शिकावयास आले होते. नोबेलसाठी त्याचे नाव दोनदा सुचविले गेले, मिळाले नाही. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली. मग पॅरिस, ऑक्सफर्ड आणि शेवटी अर्जेंटिना अशी वणवण झाली. १९४५ साली ब्वेनोस आयरेस येथे तो परदेशातच वारला. त्याच्या अस्थी वायादोलिदला आणावयास १९८६ साल उजाडले.

आता थोडा वेळ ही पेशी बाजूला ठेवू आणि अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जाऊ, कारण स्वमग्न मुलाचे नाव वैद्यकाच्या कागदावर ठळकपणे आले ते तेथे. १९४३ साली जॉन्स हॉपकिन्स या संस्थेतील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. आठ मुलगे, तीन मुली. माणसांपेक्षा वस्तूंत रमणारी, ठरल्या क्रमात बदल झाला की कासावीस होणारी ती मुले होती. न्यायाने सांगावयाचे तर मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या बाईंनी १९२५ सालीच अशा सहा मुलग्यांचे बारकाईने वर्णन केले होते. पण त्यांच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

कॅनर यांनी त्याच लेखात लिहिले की, ही उणीव जन्मजात दिसते. परंतु आईबाप थंड स्वभावाचे आहेत, हेही त्यांनी नोंदविले, आणि पुढे लोकांनी नेमके तेवढेच उचलले. स्वतः कॅनर यांनीही १९४९ साली पालकांच्या या थंडपणाला शीतकपाटाची उपमा दिली. त्यातून ‘शीतकपाटासारखी आई’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली एक मोठे पुस्तक लिहून त्या मतास आणखी बळ दिले. हजारो आयांना सांगण्यात आले की, तुमच्या मायेच्या अभावी तुमचे मूल आत मिटून गेले आहे. आमच्या कचेरीत आलेल्या बाईंच्या सासरच्यांनी यांतले काहीही वाचलेले नव्हते. पण न्याय त्यांनी तोच केला. मूल बिघडले की आई धरावी, यास पुस्तक लागत नाही.

या न्यायाविरुद्ध पालकच उभे राहिले. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी नौदलाच्या नोकरीतले मानसशास्त्रज्ञ. त्यांचाच मुलगा स्वमग्न होता. १९६४ साली त्यांनी पुस्तक लिहून पुराव्यानिशी दाखविले की, हे प्रकरण शरीराचे आहे, आईच्या मायेचे नव्हे. दुसऱ्याच वर्षी पालकांनी आपली राष्ट्रीय संघटना उभी केली. १९६९ साली त्या संघटनेच्या सभेत खुद्द कॅनर यांनी उभे राहून पालकांना निर्दोष जाहीर केले. १९७७ साली लंडनच्या सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांची पाहणी केली. हुबेहूब सारख्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघेही स्वमग्न निघाले. वेगळ्या दिसणाऱ्या दहा जोड्यांत तसे एकही नव्हते. दोन्ही प्रकारची जुळी एकाच आईच्या हाताखाली वाढत असतात. तेव्हा फरक आईचा नव्हता, रक्तातल्या वारशाचा होता.

बंधुभगिनींनो, आता या दोन वाटा एकत्र येतात. २००५ साली दोन गोष्टी घडल्या. जर्मनीत आणि न्यूयॉर्कमध्ये संशोधकांनी जिवंत उंदराच्या मेंदूत नव्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले. तोवर ज्यांना ‘विश्रांत’ म्हणत, त्या मायक्रोग्लिया क्षणभरही स्वस्थ नव्हत्या. फांद्या सारख्या लांबवीत, आखडीत त्या आसपास चाचपीत होत्या. काही तासांत साऱ्या मेंदूची एक फेरी पुरी व्हावी, अशी त्यांची गस्त होती. त्याच वर्षी, ज्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कॅनर यांनी अकरा मुले पाहिली, तेथेच डायना वर्गास, कार्लोस पार्दो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर दान मिळालेले अकरा स्वमग्न व्यक्तींचे मेंदू तपासले. त्यांत, विशेषेकरून लहान मेंदूत, मायक्रोग्लिया चेतलेल्या, म्हणजे धोक्याच्या वेळी होतात तशा, दिसल्या. २०१० साली दुसऱ्या एका गटाने तेरा मेंदूंतील पुढचा भाग पाहिला. पाचांत हे चेतणे स्पष्ट होते, आणखी चारांत थोडेसे. त्याच वर्षी उंदरांच्या गर्भावरून सिद्ध झाले की, या पेशींचे पूर्वज अगदी आरंभीच्या गर्भात, बलकाच्या पिशवीत जन्मतात आणि तेथून मेंदूत येतात. ओर्तेगाचे “या पेशी बाहेरच्या आहेत” हे म्हणणे एवढ्यापुरते खरे ठरले.

पण गस्तीवाल्यांचा आणि मुलाच्या वागण्याचा संबंध काय? येथे थोडे समजून घ्यावे लागते. चेतापेशी एकमेकींशी जेथे बोलतात, त्या जागेस आपण सांधा म्हणू. शिकागोच्या पीटर हुटेनलोकर यांनी १९७९ साली दाखविले की, एकदोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूच्या पुढच्या भागात या सांध्यांची दाटी मोठ्या माणसापेक्षा सुमारे दीडपट असते. निसर्ग आधी भरमसाट पेरतो आणि मग विरळणी करतो. शेतकऱ्याच्या घरचे जे श्रोते आहेत, त्यांना हे अधिक सांगणे नको. विरळणी केली नाही तर रोपे माजतात, पण कणीस भरत नाही. ही विरळणी करणाऱ्या हातांत मायक्रोग्लियाचे हात आहेत, हे २०११ साली इटलीतील एका गटाने आणि २०१२ साली बोस्टनच्या बेथ स्टीव्हन्स यांच्या गटाने उंदरांत दाखविले. नको असलेले सांधे त्या गिळून टाकतात. इटलीतल्याच गटाने २०१४ साली पाहिले की, ज्या उंदरांत ही विरळणी बिघडली, त्यांत मेंदूच्या भागांचे आपसांतले दळणवळण दुबळे राहिले आणि ते उंदीर इतर उंदरांत कमी मिसळू लागले. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे डेव्हिड सुल्झर यांच्या गटाने मानवी मेंदूंत सांध्यांच्या जागी असणारे बारीक काटे मोजले. सर्वसाधारण मुलांत लहानपणापासून तारुण्यापर्यंत ते सुमारे निम्म्याने कमी झाले. स्वमग्न मुलांत केवळ सोळा टक्क्यांनी.

झाले. जगभर बातम्या उठल्या. गुन्हेगार सापडला, झाडूवाल्यांनी काम नीट केले नाही, असा एकच गवगवा झाला. आणि आम्ही तेथेच थबकलो, कारण हा सूर आमच्या ओळखीचा होता.

एका गावी घडलेली गोष्ट सांगतो. गटाराच्या चेंबरमध्ये उतरलेला एक कामगार विषारी वायूने बेशुद्ध पडला. दुसरा त्याला वाचविण्यासाठी आत उडी घेता झाला. चौकशी बसली आणि ठपका आला तो या दुसऱ्यावर. परवानगीवाचून खाली का उतरला, म्हणून! आत दोर नव्हता, वायू मोजण्याचे साधन नव्हते, हे कागदावर आणावयास आम्हांस दोन वर्षे लागली. तेव्हापासून आम्ही एक धडा गाठीशी बांधला आहे: जो घटनेच्या जागी सापडतो तो गुन्हेगार असेल, साक्षीदार असेल, किंवा मदतीस धावून आलेलाही असेल. नुसता हजर होता म्हणून त्याला दोषी धरू नये.

शास्त्रज्ञांनीही प्रामाणिकपणे हीच चौकशी चालविली आहे. २०११ साली लॉस एंजलिस येथील एका गटाने स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूंत कोणती जनुके चढ्या वेगाने काम करतात आणि कोणती मंद, ते तपासले. सांध्यांशी निगडित जनुकांचा एक गट मंदावलेला आढळला. त्याचा वारशाशी संबंध दिसत होता. प्रतिकाराच्या आणि ग्लियाच्या जनुकांचा गट चढलेला होता, पण त्याचा वारशाशी तसा संबंध दिसला नाही. याचा एक अर्थ असा की, मायक्रोग्लियाचे चेतणे हे मूळ कारण नसून आधी झालेल्या बिघाडाला दिलेला प्रतिसाद असू शकेल. रेट विकार हा स्वमग्नतेच्या शेजारचा, बहुधा मुलींना होणारा आजार. २०१२ साली बातमी आली की, उंदरांत अस्थिमज्जा बदलून नव्या मायक्रोग्लिया मेंदूत आणल्या, आणि रोग बराच आटोक्यात आला. २०१५ साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग पुन्हा केला. त्यांना तो गुण आला नाही. मायक्रोग्लियाचे चेतणे शमविणारे म्हणून ओळखले जाणारे मिनोसायक्लिन हे औषध एका लहान चाचणीत स्वमग्न मुलांना सहा महिने देऊन पाहिले. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मुलांच्या वागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

तर मग या पेशींचा भाग कोणता? आजवरच्या पुराव्यावरून आम्हांस असे दिसते की, काही व्यक्तींत त्या या घडामोडीत सामील आहेत. कोठे बिघाडाला प्रतिसाद म्हणून, तर कोठे कदाचित त्याचा एक दुवा म्हणून. सर्व स्वमग्न व्यक्तींचे एकच मूळ नाही, हे तर आता स्पष्टच आहे. ज्या पेशीला आधी डिंक म्हणून दुर्लक्षिले, तिलाच पुढे एकदम आरोपी करणे, या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. दोन्हींत तिचे काम कोणी पाहिले नाही.

प्रतिकाराच्या या प्रकरणात आईचा संबंध येतो तो कोठे, तेही सांगितले पाहिजे. १९६४-६५ साली अमेरिकेत रुबेला या गोवरासारख्या रोगाची मोठी साथ आली. गर्भावस्थेत त्याची बाधा झालेल्या २४३ मुलांची स्टेला चेस यांनी पाहणी केली. १९७१ साली त्यांनी कळविले की, त्यांतली दहा पूर्णपणे आणि आणखी आठ अंशतः स्वमग्न आहेत. एरवीच्या मानाने हे प्रमाण फारच मोठे होते. पण यात आईचा अपराध कोणता? साथ तिने आणली नव्हती. उपाय होता तो सार्वजनिक: लस. आपल्या देशात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम २०१७ साली निघाली. गोवा तिच्या पहिल्या तुकडीत होता. आणि नियतीचा खेळ असा की, १९९८ साली बारा मुलांच्या आधारे इंग्लंडात एक लेख निघाला आणि या लसीनेच स्वमग्नता येते, असा बोभाटा झाला. मोठमोठ्या पाहण्यांनी तो खोटा पाडला. २०१० साली त्या नियतकालिकाने लेख मागे घेतला. पण तोवर कितीतरी आयांनी भीतीने लस टाळली होती, आणि दिली त्यांनी स्वतःला दोष दिला होता.

हा इतिहास आपल्या नगरीत सांगण्याचे कारण एवढेच की, आरोपी शोधण्याची घाई अजून संपलेली नाही. ‘मेंदूची सूज उतरवितो’ असे सांगून गरिबाच्या खिशातून पैसे काढणारे आजही आहेत. कुणी मायक्रोग्लियाचे नाव घेऊन औषध विकू लागला, तर या सभेतल्या माणसाने त्यास विचारावे: ही चाचणी किती मुलांवर झाली, आणि दुसऱ्या कोणी ती पुन्हा करून पाहिली का? आणखी एक गोष्ट. पुष्कळ स्वमग्न प्रौढ माणसे आज स्वतः बोलू-लिहू लागली आहेत. आम्ही बिघडलेली यंत्रे नाही, आम्हांला जागा द्या, असे त्यांचे म्हणणे आहे. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यांच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा हक्क मान्य केला. कायदा झाला म्हणजे काम झाले, असे चळवळीतला माणूस कधीही म्हणणार नाही. पण हातात कागद असला की दार ठोठावता येते.

त्या बाई पुढे पुन्हा कचेरीत आल्या. या खेपेस आमच्यापाशी पुरावा होता. जुळ्या मुलांची गोष्ट सांगितली, कॅनर यांनी पालकांना निर्दोष ठरविल्याची सांगितली, मेंदूतल्या झाडूवाल्यांचीही सांगितली. ती ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे तिथंबी ठपका झाडूवाल्यावरच होय?” मग पोराचा हात धरून त्यांनी विचारले, “भाऊ, शाळेचा अर्ज कुठं करायचा?” आम्ही कागद पुढे ओढला. त्यांच्या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर द्यावयास शास्त्राला शंभर वर्षे लागली. दुसऱ्याचे उत्तर देणे आपणां सर्वांच्या हाती आहे.